सहासष्टवर ठेवायचं

रविवार, ७ जानेवारी

आज जावईबापू आले ते गाडीच्या पुढच्या सीटवर एक भलंमोठं स्टीलचं पातेलं बसवून, वर त्याला पट्टा लावून. पातेल्याला पट्टा लावणारा माणूस मला आवडतोच. मागच्या सीटवर पंप, सिलिकॉनच्या नळ्या, नळकांड्यात बसवलेला हीटर आणि लाल आकडे दाखवणारी एक डबी. घरच्या घरी बिअर करायचा सगळा संसार.

"बाबा, आमच्याकडे जागा कमी पडतेय. तुमच्या गॅरेजमध्ये ठेवू का?"

त्यांचं घर आमच्या दीडपट आहे. मी हिला म्हणालो, हौशी माणसाला राजवाडाही अपुराच पडायचा. ही चहा टाकायला गेली.

लेक आली नव्हती. तिला काम आहे म्हणे. खारूताई पहिल्यापासूनच कामसू. (हे नाव पडलं ते लहानपणी घास गालात धरून बसायची म्हणून. गिळायची नाही आणि थुंकायचीही नाही. मी ओरडलो की गाल आणखी फुगायचा.)

मी स्वतः पीत नाही. प्यायलो की लगेच झोप येते, मग पैसे आणि संध्याकाळ दोन्ही वाया. पण यंत्र दिसलं की माझे हात शिवशिवतात. लिफ्ट तपासण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे काहीही वर-खाली किंवा गोल फिरताना दिसलं की ते का फिरतं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. जावयांना खोदून खोदून विचारलं. प्रकार असा आहे. जवाला मोड आणून ते वाळवायचं, त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचं. या काल्याला मॅश म्हणतात. तेवढ्या वेळात जवातल्या पिठाची साखर होते. पुढे ती साखर यीस्ट खातं आणि बिअर होते. पण सगळी मेख तापमानात आहे. सहासष्ट अंशांवर ठेवायचं. चार-पाच अंश खाली गेलं तर बिअर पाणचट, तेवढंच वर गेलं तर गोडमिट्ट. म्हणून तळाच्या जाळीखालून रस ओढायचा, हीटरवरून फिरवायचा आणि पुन्हा वरून दाण्यांवर सोडायचा. तासभर हेच चालू.

"म्हणजे लिफ्टच की," मी म्हणालो. "खालून वर, वरून खाली."

"पण इथे बटण दाबून भागत नाही, बाबा. वाट बघावी लागते."

"लिफ्टलाही बघावी लागते. मी लोकांना तेच सांगत आलोय, बटण दहा वेळा दाबलं म्हणून लिफ्ट लवकर येत नाही."

ते हसले. पुढच्या वेळी माल्ट घेऊन येतो म्हणाले.

रविवार, २१ जानेवारी

मॅश: ६६.

पहिला घाणा आज झाला. जावईबापू सकाळी नाश्त्यालाच हजर. सोबत माल्टचं पोतं आणि धुवायच्या कपड्यांची पिशवी. त्यांचं वॉशिंग मशीन बिघडलंय. मी म्हणालो, उद्याच येतो, बघतो काय झालंय ते. "नको नको, माणूस येणार आहे," असं इतक्या घाईने म्हणाले की माझ्या हातावर त्यांचा विश्वास नाही की काय असं मला वाटलं. हिने पिशवी उचलून कपडे मशीनमध्ये टाकले. सगळे पुरुषी शर्ट होते. लेकीने आपले कपडे हाताने धुतले असणार, तिला थांबायची सवय नाही.

डबीने मात्र कमाल केली. थंडी मी म्हणत होती, गॅरेजचं दार नीट लागत नाही, तरी आकडा तासभर सहासष्टवरून हलला नाही. मी स्टूल घेऊन समोर बसलो होतो. इतका सज्जन आकडा मी आयुष्यात पाहिला नाही. सेन्सर हीटरच्या तोंडाशीच बसवलाय, रस तापून बाहेर पडतो तिथे. जोडणी माझी. जावयांनी विचारलं होतं कुठे बसवू, मी म्हणालो, जिथे काम चालतं तिथेच डोळा ठेवावा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

हिच्याकडे पडद्यांची एक नवीन ऑर्डर आलेली दिसते. एकाच खिडकीचं घर, पिवळं कापड. असा पिवळा रंग आमच्या खारूला आवडतो, असं मी सहज म्हणालो. "बऱ्याच जणींना आवडतो," ही म्हणाली. गिऱ्हाईक कोण विचारलं तर "एक मुलगी आहे, एकटी राहते". पट्टी दोनदा उसवली आणि पुन्हा घातली. एका खिडकीसाठी एवढा जीव काढायची काय गरज आहे, मला कळत नाही.

हल्ली फोन आला की ही बाल्कनीत जाते. थंडीत. आत रेंज येत नाही म्हणते. मला तर आत व्यवस्थित येते.

रविवार, ११ फेब्रुवारी

आज चव बघितली. शेजारचे दातांचे डॉक्टर मुद्दाम बोलावले होते, कारण त्यांना बिअरमधलं कळतं आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि म्हणाले, "पाण्याला बिअरविषयी कोणीतरी सांगितलेलं दिसतंय." जावईबापू इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पाणचट. पण का? आकडा सहासष्ट होता. मी स्वतः साक्षीदार आहे. आकडा बरोबर आणि बिअर चूक, हे कसं? मला रात्री जेवतानासुद्धा तेच दिसत होतं.

एक गंमत लिहायची राहिली. काल लेक येऊन गेली, एकदम पोरासारखे केस कापलेत तिने. आज मी जावयांना म्हणालो, "खारूचे केस छान दिसतात हां." तर ते म्हणाले, "कुठे काय, तसेच तर आहेत." बायकोने हातभर केस कापले तरी यांना पत्ता नाही! मी चांगलं फैलावर घेतलं. पुरुषांचं लक्षच नसतं, हे हिचं म्हणणं एकदम खरं आहे. ही मात्र मध्येच म्हणाली, "पुरे हो." आणि त्यांच्या पानात आणखी वाढलं.

रविवार, २५ फेब्रुवारी

मॅश: डबीवर ६६. खरं किती, ते पुढे.

आज चोर सापडला. पंप सुरू झाल्यावर मला एकदम सुचलं की आपण आतल्या दाण्यांना कधी विचारलंच नाही. हिच्या स्वयंपाकघरातली लांब दांडीची तापमापी न विचारता आणली आणि मॅशच्या पार मध्यभागी खुपसली. एकसष्ट! डबीवर सहासष्ट, आत एकसष्ट. रस वरून पडतो तो कडेकडेने घसरून खाली जात असणार, पातेलं बाहेरून गार पडत असणार, मधल्या दाण्यांपर्यंत ऊब नीट पोचतच नाही.

"म्हणजे ही डबी मॅशचं तापमान सांगतच नव्हती," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला होता की मी जवळजवळ ओरडलोच. "हीटरने आत्ता काय दिलं, तेवढंच सांगत होती!"

जावईबापू त्या लाल आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाहेर सगळं छान. आणि आत कधीचं गार पडलंय, कोणाला पत्ताच नाही." आणि तोंड धुवायला गेले. वाफेने डोळे चुरचुरतात खरे, मलाही त्रास होतो.

ते येईपर्यंत मी सेन्सर काढून थेट मॅशच्या मध्यभागी बसवला. आता खोटं बोल म्हणावं. हीटर पूर्ण चालू. आकडा एकसष्ट. थोड्या वेळाने बघतो तर एकसष्टच. हीटर भकाभक तापतोय, आकडा ढिम्म. मग एकदम त्रेसष्ट, सहासष्ट, डबीने हीटर बंद केला, तरी आकडा आपला चढतोच आहे. अडुसष्ट. सत्तर. बाहत्तरवर जाऊन थांबला. नळकांड्याला करपल्याचा वास. तिथून पडणारा रस किती तापला होता देव जाणे, डबी तर तिथे बघतच नव्हती. पिठाची साखर करणारं जवातलं सत्त्व मेलं असणार. औषधाच्या डब्यातलं आयोडीन आणून एक थेंब टाकला, रस काळानिळा झाला. म्हणजे पीठ तसंच पडून आहे. पाणचटपणातून गोडमिट्टपणात, आगीतून फुफाट्यात.

मला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण दोन ठिकाणी चुकल्यामुळे कोडं आणखी रंगात आलंय. हीटरशी बघावं तर आतलं कळत नाही, आत बघावं तर हीटर अंगात आल्यासारखा करतो. मग बघायचं कुठे?

मंगळवार, १३ मार्च

मला एक झकास कल्पना सुचली. बरोबर दोन महिन्यांनी पोरांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. त्या दिवशी आमची बिअर, जावयांनी आणि मी केलेली, आणि शेजारच्या डॉक्टरांनी पास केलेली! खारूला आधी काही सांगायचं नाही. हिला सांगितलं तर हिच्या बोटात सुई गेली. "त्यांना विचारलंत का?" म्हणाली. वाढदिवसाला काय विचारायचं? तरी लगेच जावयांना फोन लावला.  ते म्हणाले, "बघू, बाबा."

थंडीचा बंदोबस्त हिने केला. जाड अस्तराच्या उरलेल्या कापडात कापूस भरून पातेल्याला एक जाकीट शिवलं, नळीसाठी काजं ठेवून. पातेलं त्यात एखाद्या गुबगुबीत पाहुण्यासारखं दिसतं. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही तरी बरोबर तेच केलंस. ही म्हणाली, "गार पडू नये एवढं कळतं."

बुधवार, ४ एप्रिल

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

गावाच्या पलीकडच्या टोकाला एका जुन्या इमारतीत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर वीतभर खाली थांबते, अशी तक्रार होती. ती बघून निघालो तर समोरच पॅसेजमध्ये उघडणारी एक खिडकी, आणि खिडकीला पिवळा पडदा. खालची पट्टी दुहेरी, टाके तिरके. अशी पट्टी घालणारी बाई मला एकच माहीत आहे. वाटलं, हे तर हिचं गिऱ्हाईक! नमस्कार करावा, पडदे कसे वाटले विचारावं, हिला सांगायला बरं. बेल दाबली. कोणी आलं नाही म्हणून पुन्हा दाबली, पुन्हा दाबली.

दार खारूताईने उघडलं.

मी म्हणालो, "अगं, तू इथे कोणाकडे?"

"बाबा, मी इथे राहते."

मला खरंच कळलं नाही. मी तिच्यामागे जावईबापू दिसतात का बघत होतो. आत एक गादी, एक खुर्ची, एक शेगडी. खुर्ची तिने मला दिली आणि स्वतः गादीवर बसली.

"आईने सांगितलं?"

"नाही. लिफ्ट." एवढंच मला बोलता आलं. मग विचारलं, "कधीपासून?"

"डिसेंबरपासून."

"भांडण झालं?"

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, बाबा. आम्ही रोज एकमेकांना विचारायचो, ठीक आहे ना? दोघंही म्हणायचो, ठीक आहे. एक दिवस मला त्या शब्दाची भीतीच वाटली."

"अगं, पण मला सांगायचं ना!"

तिने माझ्या हाताकडे बघितलं. "तुम्ही पाना घेऊन आला असतात."

पाना माझ्या हातातच होता. मघापासून तसाच. ठेवायला आसपास टेबलसुद्धा नव्हतं. मी तो मांडीवर ठेवला, आणि आम्ही दोघंही थोडं हसलो, पण फार नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

हिला विचारलं, "तुला माहीत होतं."

"होतं."

मागची पानं उलटून वाचली. सगळं इथेच आहे, माझ्याच अक्षरात. पुढच्या सीटवर पातेलं, कपड्यांची पिशवी, केस. इतकं टक लावून बघणारा माणूस मी, आणि मला एवढंही दिसू नये! वाईट वाटतंय. लेकीचं घर विस्कटलं याचं तर वाटतंच, पण मला सांगायची तिला भीती वाटली, याचं जास्त वाटतं.

"आणि हे जावई," मी म्हणालो, "दर रविवारी येऊन निवांत बिअर करत बसतात माझ्याबरोबर!"

"ते बिअरसाठी येतात असं वाटतं तुम्हाला?"

"मग कशासाठी?"

"अजून कोणीतरी जावईबापू म्हणतं म्हणून."

 मग माझं डोकं चालायला लागलं. येत्या रविवारी दोघांना समोरासमोर बसवायचं. आधी त्याचं ऐकायचं, मग तिचं, मग मी काय ते सांगीन. वाढदिवसाला अजून वेळ आहे, तोपर्यंत सगळं मार्गी लागेल. फोन उचलला, जावयांना लावला, वाजायच्या आत बंद केला. खारूला लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला.

ही शिवणयंत्रावरून म्हणाली, "लोकांना काय सांगता हो तुम्ही? लिफ्टच्या बटणाचं?"

मी फोन फडताळात ठेवला आणि फडताळ लावून घेतलं.

शनिवार, १४ एप्रिल

मन रमत नव्हतं म्हणून गॅरेजमध्ये गेलो. माल्ट वाया जायला नको म्हणून नुसतंच पाणी आणि त्यात गोणपाटाचे तुकडे घालून पातेलं चालवलं. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच करतोय. कोडं सुटलं असं वाटतं. सेन्सर पुन्हा हीटरच्या तोंडाशी, पहिल्या जागीच. मी पहिल्यांदा तो बसवला तिथे चूक नव्हती, त्यालाच मॅश समजलो ही चूक. आपण किती देतोय ते तिथे सांभाळायचं, म्हणजे रस करपत नाही. ते सहासष्टच्या एक-दोन अंश वर ठेवायचं, जास्त नाही. मध्यभागी दुसरी तापमापी असावी, पण ती नुसती बघायला. तिच्यावरून हीटरला हुकूम सोडायचा नाही. पंपही मोठा करायचा नाही, फार जोरात ओढलं तर दाणे जाळीवर घट्ट बसतात आणि काहीच वाहत नाही. अंगात जाकीट. आणि मग थांबायचं. आतला आकडा इतका सावकाश चढतो की बघवत नाही. पण चढतो. मी उठून दोनदा अंगणात फेऱ्या मारून आलो, हात हीटरकडे जाऊ नये म्हणून.

हिला जेवताना सगळं समजावून सांगितलं. ही जेवायची थांबून ऐकत होती. इतकं लक्ष देऊन तिने माझं कुठलंही यंत्रपुराण आजवर ऐकलेलं नाही.

मधल्या काळात जावयांचा फोन आला. "बाबा, तुम्हाला कळलंय असं मला कळलं. मी सामान घेऊन जाऊ का?" माझ्या जिभेवर पंधरा प्रश्न होते. म्हणालो, "राहू दे. पातेल्याची काही घाई नाही."  ते म्हणाले, "बरं, बाबा."

लेकीला मी फोन केलेला नाही. हे लिहायला सोपं आहे.

रविवार, २२ एप्रिल

आज खऱ्या माल्टचा घाणा लावला, एकट्यानेच. कोणासाठी ते ठरवलं नव्हतं. ही म्हणाली, "करायची म्हणून करा," तर म्हटलं करू.

पंप नुकताच सुरू झाला होता, तेवढ्यात गॅरेजच्या दारात सावली पडली. खारूताई. मी उठलो नाही, नुसतं "ये" म्हणालो. ती उलट्या बादलीवर बसली.  मग म्हणाली, "याला आईने स्वेटर घातलाय?"

"जाकीट."

"हा लाल आकडा कसला?"

"आपण किती देतोय, तो."

"आणि ही तापमापी?"

"आत किती पोचलंय, ते."

वाकून तिने दोन्ही बघितले. "सारखे नाहीत."

"होतात. वेळ लागतो."

"नाहीच झाले तर?"

मी म्हणालो, "नाही झाले तर नाही. पण आच वाढवून होत नाहीत, तेवढं मी करून बघितलंय."

तिने पातेल्याच्या जाकिटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग ती बोलायला लागली. किती वर्षं गालात धरलेला घास होता कोण जाणे. काय बोलली ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मध्ये कितीदा तरी मला उपाय सुचले, एकाहून एक फर्मास. प्रत्येक वेळी मी तोंड उघडलं, पंपाकडे बघितलं आणि मिटलं. ती रडली तेव्हा मला काय करावं कळेना, म्हणून मी तिला नळी धरायला दिली. तिने धरली. लहानपणीही ती अशीच माझ्याजवळ टॉर्च धरून उभी राहायची.

नंतर नाक पुसून म्हणाली, "मी त्याला बोलावलंय. इथे. आमच्याकडे, म्हणजे त्याच्याकडे किंवा माझ्याकडे, बोलायला जमेना. तुम्हाला चालेल ना?"

मी होकारार्थी मान हलवली. 

गाडी आली. जावईबापू दारातच थांबले, आत यावं की नाही अशा विचारात. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "या जावईबापू." जीभ चावली. लेकीकडे बघितलं.  बादली सरकवून तिने स्टूलसमोर जागा केली. त्यांनी तिच्या केसांकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "केस कापलेस."

"जानेवारीत," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी जरा टॉवेल घेऊन येतो, आणि घरात आलो.

ही ओट्यापाशी उभी होती. तिथून गॅरेजचं दार दिसतं. थोड्या वेळाने म्हणाली, "टॉवेल न्यायचा होता ना?"

"नंतर."

"आणि तुमचा तो आकडा बघायचा असतो ना, सारखा?"

"आहेत ते दोघं तिथे."

हिने माझा हात धरला. असा दिवसाढवळ्या ती धरत नाही. पंपाचा आवाज येत होता, आणि त्याच्या खालून बोलण्याचा. एकदा तिचा, एकदा त्यांचा, मग बराच वेळ कोणाचाच नाही, मग दोघांचा एकदम, चांगला चढलेला. ही पुढे व्हायला निघाली. या वेळी मी तिला थांबवलं. शब्द काही कळत नव्हते.

मॅश: बघितलं नाही.